पाषाणाची साक्ष आणि संशोधकाची सचोटी

लखनौमधील बिरबल सहानी पुराविज्ञान संस्थेची कोनशिला मुद्दाम पाहण्यासारखी आहे. कोनशिला म्हटली म्हणजे गुळगुळीत फरशी आणि तीवर कोरलेली थोरामोठ्यांची नावे, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. ही शिला मात्र निरनिराळ्या देशांतून आणि निरनिराळ्या युगांतून आलेले जीवाश्म, म्हणजे दगडरूप झालेले प्राचीन जीवांचे अवशेष, एकत्र बसवून घडविलेली आहे. ती घडविण्याची कल्पना प्राध्यापक बिरबल सहानी यांची. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते ती बसविण्यात आली आणि त्यानंतर अवघ्या एका आठवड्याने, १० एप्रिल रोजी, सहानींचे निधन झाले.

अशा शिलेपुढे उभे राहिले असता एक साधा प्रश्न मनात येतो. यातला अमुक दगड अमुक देशातला आहे, हे आपल्याला कसे कळले? दगडाला वाचा नसते. तो कोठे सापडला, कोणत्या थरात सापडला, कोणी व केव्हा उचलला, हे उचलणाऱ्यानेच लिहून ठेवावे लागते. संग्रहालयातील प्रत्येक नमुन्याला जोडलेली लहानशी चिठ्ठी ती हीच. ही चिठ्ठी हरवली की दगड मुका होतो आणि ती खोटी लिहिली की तो खोटे बोलू लागतो. मुक्या दगडाने विज्ञानाचे फारसे नुकसान होत नाही. खोटे बोलणाऱ्या दगडाने मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचे होते.

संशोधनाला वाहिलेल्या नियतकालिकांचे, म्हणजे शोधपत्रिकांचे, स्थान विज्ञानात या चिठ्ठीसारखेच आहे. आपण काय पाहिले, कोठे पाहिले आणि त्यावरून कोणता निष्कर्ष काढला, हे संशोधक शोधपत्रिकेतून जगाला सांगतो. त्या सांगण्यावर विसंबून दुसरा संशोधक पुढचे पाऊल टाकतो. हा सारा व्यवहार विश्वासावर चालतो. म्हणून तो करणाऱ्या प्रत्येकावर, लेखकावर, सहलेखकावर, परीक्षकावर, संपादकावर आणि प्रकाशकावर, काही नैतिक जबाबदाऱ्या येतात. त्या कोणत्या आणि त्या पाळल्या न गेल्यास काय घडते, हे या पुस्तिकेत जीवाश्मांच्या काही खऱ्या कथांवरून पाहावयाचे आहे.

शोधपत्रिका कशी चालते

मुद्रित शोधपत्रिकांचा इतिहास साडेतीनशे वर्षांहून थोडा अधिक आहे. १६६५ च्या जानेवारीत पॅरिस येथे ‘जूर्नाल दे सावां’ हे पत्र निघाले आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले. तोवर संशोधक आपले शोध खासगी पत्रांतून एकमेकांना कळवीत, किंवा दुसऱ्याने श्रेय घेऊ नये म्हणून ते गुप्तही ठेवीत. शोधपत्रिकेमुळे श्रेय आणि प्रसिद्धी यांची सांगड बसली. जो आपले ज्ञान सर्वांपुढे मांडील त्याला त्याचे श्रेय मिळेल, पण त्याचबरोबर सर्वांच्या तपासणीलाही त्याला सामोरे जावे लागेल, असा तो करार होता. हा करार आजही तोच आहे.

हल्लीची पद्धत स्थूलमानाने अशी. लेखक आपला निबंध संपादकाकडे पाठवितो. संपादक तो त्या विषयातील दोन-तीन जाणकारांकडे देतो. यांना परीक्षक म्हणतात. ते निबंध वाचून शंका काढतात, उणिवा दाखवितात आणि तो छापण्यास योग्य आहे की नाही याविषयी मत देतात. बहुधा त्यांची नावे लेखकाला कळविली जात नाहीत आणि या कामाबद्दल त्यांना मोबदलाही मिळत नाही. अखेरचा निर्णय संपादकाचा असतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. परीक्षक लेखकाच्या प्रयोगशाळेत जात नाही, की त्याच्याबरोबर डोंगरही चढत नाही. लेखकाने लिहिलेले सुसंगत आहे का, पुरावा निष्कर्षाला पुरेसा आहे का, एवढेच तो पाहू शकतो. लेखकाने पाहिलेच नाही ते पाहिले म्हणून सांगितले, तर उत्तमातला उत्तम परीक्षकही फसू शकतो. तेव्हा परीक्षण म्हणजे सत्याची हमी नव्हे. खरी तपासणी निबंध छापल्यानंतर सुरू होते. ती शक्य व्हावी एवढी सामग्री निबंधात असलीच पाहिजे.

शेंदेलोणाचा वाद

आपल्याकडे उपवासाला वापरतात ते शेंदेलोण, म्हणजेच सैंधव, पंजाबातील ‘सॉल्ट रेंज’ नावाच्या डोंगररांगेतून येत असे. ही रांग आता पाकिस्तानात आहे. सहानींचे जन्मगाव भेरा याच मुलुखातले. या डोंगरातील मिठाचे थर किती जुने, हा प्रश्न भूवैज्ञानिकांना दीर्घकाळ सतावीत होता. मिठाच्या वर जे वालुकाश्म आहेत ते कँब्रियन कल्पातील, म्हणजे पन्नास कोटी वर्षांहून जुने. नेहमीच्या नियमाप्रमाणे खालचा थर वरच्याहून जुना असावयास हवा. परंतु भूकवचाच्या हालचालींमुळे जुने खडक सरकत जाऊन नव्या थरांवर चढतात, अशीही उदाहरणे आहेत. तसे येथे झाले असेल तर मीठ बरेच अलीकडचे, इओसीन काळातील, म्हणजे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे ठरू शकत होते.

सहानी त्या वेळी लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी मिठाचे व त्याच्या सोबतच्या खडकांचे नमुने घेऊन ते विरघळविले आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यात त्यांना लाकडाचे सूक्ष्म तुकडे, वनस्पतींच्या बाह्यत्वचेचे अंश आणि कीटकांचे अवशेष दिसले. कँब्रियन कल्पात जमिनीवर वृक्ष नव्हते. तेव्हा हे मीठ कँब्रियन असणे अशक्य, असा निष्कर्ष सहानींनी काढला आणि १९४४-४५ मध्ये तो प्रसिद्ध केला. प्रत्यक्ष डोंगरात हिंडून थरांचे नकाशे काढणारे ई. आर. गी यांच्यासारखे भूवैज्ञानिक मात्र मीठ कँब्रियनच आहे, या मताकडे झुकले होते.

या प्रश्नावर दोन परिसंवाद झाले आणि नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या कार्यवृत्तांत दोन्ही बाजूंचे निबंध प्रसिद्ध करण्यात आले. सहानी हे रॉयल सोसायटीचे सदस्य होते आणि देशातील अग्रगण्य शास्त्रज्ञांत त्यांची गणना होत होती. असे असूनही त्यांच्या मताविरुद्ध लिहिणाऱ्यांना तेथे जागा मिळाली. सहानींनीही आपले नमुने कोठले, ते कसे धुतले, कसे विरघळविले, हे सविस्तर सांगितले. बाहेरची धूळ मिसळली असेल, हा विरोधकांचा आक्षेप खोडून काढण्याचा त्यांचा प्रयत्न असला, तरी तो आक्षेप त्यांनी दडवून ठेवला नाही.

पुढे काय झाले? आज भूवैज्ञानिक हे मिठाचे थर कँब्रियनपूर्व काळाच्या अखेरीचे ते कँब्रियनच्या आरंभीचे मानतात. म्हणजे सहानींचा निष्कर्ष चुकीचा ठरला. मीठ पाण्यात विरघळते, पुन्हा घट्ट होते, दाबाखाली लोण्यासारखे सरकते. अशा खडकात उत्तरकालीन कण पाझरून शिरणे अशक्य नसते. सहानींना दिसलेले लाकडाचे अंश असेच मागाहून आत गेले असावेत, असे आता समजले जाते.

मग सहानींना दोष द्यावयाचा काय? मुळीच नाही. त्यांनी जे पाहिले ते सांगितले, कसे पाहिले तेही सांगितले आणि विरोधी मत ऐकून घेतले. त्यामुळेच त्यांची चूक इतरांना सुधारता आली. सहानींच्या निधनानंतर त्यांच्या संस्थेने ‘पॅलिओबॉटनिस्ट’ ही शोधपत्रिका काढली. तिचा पहिला खंड १९५२ मध्ये त्यांचा स्मृतिखंड म्हणूनच प्रसिद्ध झाला. त्यांचा एक मोठा निष्कर्ष टिकला नाही म्हणून हा मान कमी झाला नाही. विज्ञानात प्रमाद हा अपराध नव्हे. प्रमाद उघडकीस येण्याची वाट बुजविणे हा अपराध होय.

हिंडणारे जीवाश्म

आता याच्या अगदी उलट प्रकारची कथा पाहू. चंदीगढ येथील पंजाब विद्यापीठात विश्वजित गुप्ता नावाचे पुराजीवशास्त्राचे प्राध्यापक होते. सुमारे पंचवीस वर्षांच्या काळात त्यांनी हिमालयातील जीवाश्मांवर तीनशेहून अधिक निबंध प्रसिद्ध केले. त्यांतील कित्येकांचे सहलेखक देशोदेशींचे नामांकित तज्ज्ञ होते. काश्मीर, हिमाचल, नेपाळ, भूतान अशा दुर्गम भागांतील शोध एकामागून एक छापले जात होते आणि हिमालयाच्या भूतकाळाविषयीचे नकाशे त्यांवरून आखले जात होते.

ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी विद्यापीठाचे जॉन टॅलेंट यांना मात्र काही गोष्टी खटकल्या. त्यांनी हे निबंध एकेक करून तपासले आणि २० एप्रिल १९८९ च्या ‘नेचर’ या शोधपत्रिकेत आपला लेख प्रसिद्ध केला. हिमालयात सापडले म्हणून सांगितलेले काही अमोनाइट वर्गाचे जीवाश्म हुबेहूब मोरोक्कोतील एर्फूद गावाच्या परिसरात मिळणाऱ्या जीवाश्मांसारखे होते; ते तेथून निघून दुकानांतून जगभर विकले जातात. कोनोडोन्ट नावाचे दातांसारखे सूक्ष्म जीवाश्म अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या एका प्रसिद्ध ओढ्याकाठच्या नमुन्यांशी जुळत होते. एकाच जीवाश्माची छायाचित्रे वेगवेगळ्या निबंधांत वेगवेगळ्या ठिकाणांच्या नावाने छापलेली आढळली. म्हणून टॅलेंट यांनी आपल्या लेखात त्यांना ‘हिंडणारे जीवाश्म’ म्हटले. गुप्ता यांनी आरोप नाकारले. विद्यापीठाच्या चौकशीला पुढे कित्येक वर्षे लागली; शेवटी तिनेही दोष त्यांच्याच पदरी घातला.

या प्रकरणातील मुख्य दोष कोणाचा हे उघड आहे. पण एवढ्यावर थांबून चालणार नाही. पंचवीस वर्षे हे चालले कसे, हा खरा प्रश्न आहे. अनेक सहलेखकांनी जीवाश्म टपालाने किंवा हातोहात आलेले पाहिले, ते कोणत्या जातीचे हे प्रामाणिकपणे ओळखले आणि निबंधावर आपले नाव घालू दिले. ते सापडले म्हणून सांगितलेली जागा त्यांच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली नव्हती. जागेचे वर्णन निबंधात मोघम असे. दुसऱ्या कोणी तेथे जाऊन पाहू म्हटले तर नेमके ठिकाण सापडू नये, अशा रीतीचे. संपादकांनी हे मोघम वर्णन चालवून घेतले. शंका मनात आलेल्या लोकांपैकी पुष्कळ जण गप्प राहिले. अशा रीतीने एका माणसाच्या असत्याला अनेक सज्जनांच्या संकोचाने हातभार लावला.

त्याची किंमत कोणी मोजली? हिमालयात ऊनपाऊस सोसून प्रामाणिकपणे काम करणाऱ्या इतर भूवैज्ञानिकांनी. कोणते निबंध विश्वसनीय आणि कोणते नाहीत, हे निवडण्यात त्यांची वर्षे गेली. तांदळात खडे मिसळले गेले म्हणजे सगळाच तांदूळ पुन्हा निवडावा लागतो, तसे ते झाले.

चित्रकूटचे जीवाश्म

गुप्ता प्रकरणाने भारतातील पुराजीवशास्त्रज्ञांच्या मनात धास्ती निर्माण झाली. तिचा परिणाम पुढील घटनेवर झाला नसेल, असे म्हणवत नाही.

१९९८ मध्ये डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेतील रफत जमाल आझमी यांनी भारतीय भूवैज्ञानिक संस्थेच्या शोधपत्रिकेत एक निबंध प्रसिद्ध केला. शोण नदीच्या खोऱ्यातील विंध्य गटाच्या खालच्या थरांत आपल्याला कँब्रियन काळच्या आरंभीचे सूक्ष्म कवचधारी जीवाश्म मिळाले आहेत, असे त्यांनी म्हटले होते. हे खडक इतरांच्या मते शंभर कोटी वर्षांहूनही पुष्कळ जुने होते. आझमींचे म्हणणे खरे मानले तर विंध्याचे वय एकदम निम्म्याहून कमी होत होते. साहजिकच मोठा वाद माजला. भूवैज्ञानिकांच्या एका पथकाने पडताळणी केली, परंतु त्यांना तसे जीवाश्म मिळाले नाहीत. २००० मध्ये हा दावा फेटाळण्यात आला. आझमींच्या केवळ निष्कर्षावरच नव्हे, तर त्यांच्या सचोटीवरही संशय घेण्यात आला.

इतर शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये या खडकांतील ज्वालामुखीच्या राखेच्या थरांचे वय काढले. ते सुमारे १६० कोटी वर्षे भरले. म्हणजे कँब्रियनचा दावा टिकत नव्हता. पण मग त्या जीवाश्मांचे काय? स्वीडनमधील नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचे स्टेफान बेंगट्सन आणि त्यांचे सहकारी यांनी चित्रकूटजवळच्या जानकीकुंड परिसरातून नवे नमुने घेतले. २००९ मध्ये त्यांनी जाहीर केले की जीवाश्म खरे आहेत. मात्र ते कँब्रियन नसून सुमारे १६५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. आझमींनी पाहिलेल्या प्रकारचे अवशेष खडकात होते. त्यांच्या वयाचा अंदाज मात्र शंभर कोटी वर्षांनी चुकला होता. आरंभी प्राण्यांचे भ्रूण वाटलेले काही गोळे तर मुळात जीवाश्मच नसून शैवालसदृश जिवाणूंच्या थरांत अडकलेले वायूचे बुडबुडे होते, हेही त्यांनी दाखविले.

२०१७ मध्ये बेंगट्सन यांच्या गटाने क्ष-किरणांच्या साहाय्याने या जीवाश्मांच्या आतील पेशीरचना पाहिली आणि ते तांबड्या शैवालांचे असावेत, असे प्रतिपादन केले. तसे असेल तर ते वनस्पतिवर्गीय जीवांच्या अतिप्राचीन खुणांपैकी होत. त्यांतील एका प्रजातीला त्यांनी ‘रफतआझमिया’ असे नाव दिले आणि दुसरीला, चित्रकूटची आठवण ठेवून, श्रीरामाच्या नावावरून ‘रामाथॅलस’. ज्याच्या शब्दावर अविश्वास दाखविला गेला त्याचे नाव शेवटी त्याच दगडाला मिळाले.

या कथेत एक महत्त्वाचा धडा आहे. ‘तुझा निष्कर्ष चुकीचा आहे’ आणि ‘तू खोटे बोलतोस’ ही दोन विधाने अगदी भिन्न आहेत. पहिले म्हणण्याचा अधिकार प्रत्येक परीक्षकाला आणि वाचकाला आहे. दुसरे म्हणावयाचे तर त्यासाठी स्वतंत्र आणि भक्कम पुरावा हवा. एकदा शोधूनही एखादी वस्तू सापडली नाही, एवढा पुरावा त्याला पुरत नाही. आरोपाची शहानिशा शांतपणे आणि संबंधिताचे म्हणणे ऐकून करावी, ही जबाबदारी संपादकावर आणि वैज्ञानिक संस्थांवर तितकीच आहे, जितकी सत्य सांगण्याची लेखकावर आहे.

चूक कबूल करण्याची रीत

भोपाळजवळील भीमबेटका येथील चित्रित गुहांचा शोध १९५७ मध्ये डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी लावला. त्यांतील एका गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया नावाच्या सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा ठसा आढळला, असा निबंध अमेरिकेतील ग्रेगरी रिटॅलॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘गोंडवाना रिसर्च’ या शोधपत्रिकेच्या २०२१ च्या खंडात प्रसिद्ध केला. जगभर त्याचा बोलबाला झाला. पुढे फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी गुहेत जाऊन पाहिले, तेव्हा तो ठसा खडकापासून सुटू लागलेला दिसला. तो जीवाश्म नसून मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचा अवशेष होता. त्यांचा निबंध २०२३ मध्ये त्याच शोधपत्रिकेत छापला गेला आणि रिटॅलॅक यांनी आपली चूक मोकळेपणाने मान्य केली.

येथे प्रत्येकाने आपले काम केले आहे. लेखकांनी जागा नेमकी सांगितली होती, म्हणून दुसऱ्यांना तेथे जाता आले. ज्या पत्रिकेने चूक छापली तिनेच दुरुस्ती छापली. आणि लेखकाने दुराग्रह धरला नाही. दोन-अडीच वर्षांत विज्ञान आपल्या मार्गावर परत आले. गुप्ता प्रकरणातील पंचवीस वर्षांशी याची तुलना करून पाहावी.

कोणाची कोणती जबाबदारी

या कथांतून जे निष्पन्न होते ते आता क्रमाने मांडू.

लेखकाने जे स्वतः पाहिले, मोजले वा सिद्ध केले तेच आपले म्हणून सांगावे. दुसऱ्याचे शब्द, आकृती किंवा कल्पना घेतली असेल तर त्याचे नाव द्यावे. न दिल्यास ते वाङ्मयचौर्य होते. एकच निबंध एकाच वेळी दोन पत्रिकांकडे पाठवू नये. प्रतिकूल निरीक्षणे गाळू नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूळ सामग्री जपून ठेवावी. पुराजीवशास्त्रात निबंधात वर्णिलेले नमुने मान्यताप्राप्त संग्रहालयात क्रमांक घालून ठेवण्याचा प्रघात आहे. लखनौच्या संस्थेच्या संग्रहालयातही असे नमुने जतन केले जातात. इतर विज्ञानांत हेच काम प्रयोगवही आणि मोजमापांची मूळ नोंद करते.

सहलेखकाने आपण नेमके काय केले हे सांगता येईल तरच नाव घालावे. केवळ विभागप्रमुख आहे म्हणून किंवा स्नेहाखातर नाव घालणे जसे गैर, तसेच ज्याने राबून काम केले त्या विद्यार्थ्याचे नाव वगळणेही गैर. श्रेयात वाटा घेणाऱ्याने उत्तरदायित्वातही वाटा घेतला पाहिजे. लेखन करून देणारी संगणकयंत्रे आता निघाली आहेत. यंत्राला उत्तरदायित्व घेता येत नाही, म्हणून त्याला लेखक मानता येणार नाही, अशी भूमिका संपादकांच्या आंतरराष्ट्रीय नीतिसमितीने २०२३ मध्ये घेतली. ही समिती १९९७ मध्ये स्थापन झाली.

परीक्षकाच्या हाती दुसऱ्याचे अप्रकाशित काम आलेले असते. ती ठेव आहे. तिच्यातील कल्पना स्वतःसाठी वापरणे, प्रतिस्पर्ध्याचा निबंध मुद्दाम अडवून ठेवणे किंवा मित्राचा डोळे झाकून पसंत करणे, हा विश्वासघात होय. लेखकाशी आपले वैर वा सख्य असेल तर परीक्षण स्वीकारूच नये.

संपादकाचे काम केवळ निवड करण्याचे नाही. चूक दाखविणारे पत्र आल्यास ते छापणे, गंभीर दोष असल्यास निबंध मागे घेतल्याचे स्पष्ट शब्दांत जाहीर करणे आणि त्याचे कारण सांगणे, ही त्याची कर्तव्ये आहेत. निबंध मागे घेणे म्हणजे पत्रिकेची नामुष्की, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः रस्ता खचला असता तेथे पाटी लावणारा अधिकारी जसा दोषास पात्र नसून कौतुकास पात्र असतो, तसेच हेही आहे.

आजचे संकट

आपल्या काळात या जुन्या प्रश्नांना एक नवे वळण लागले आहे. पूर्वी शोधपत्रिकेचा खर्च वर्गणीदार ग्रंथालये सोसत. आता पुष्कळ पत्रिका वाचकाला विनामूल्य मिळतात आणि खर्च लेखकाकडून घेतला जातो. यामागचा ज्ञानप्रसाराचा हेतू चांगला असला, तरी त्यातून एक अनिष्ट धंदाही उभा राहिला. परीक्षण न करताच केवळ शुल्क घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नामधारी पत्रिका निघाल्या. त्याहून पुढे जाऊन तयार निबंध विकणाऱ्या टोळ्याही निर्माण झाल्या. २०२३ या एका वर्षात जगभर दहा हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. त्यांतील आठ हजारांहून अधिक एकाच प्रकाशनसमूहाच्या पत्रिकांतील होते.

या धंद्याला गिऱ्हाईक कोठून मिळते? नोकरी, बढती आणि पदवी यांसाठी निबंधांची संख्या मोजली जाऊ लागली, तेथून. आपल्या देशात पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापून आला पाहिजे, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम होता. तो २०२२ च्या नियमावलीत काढून टाकण्यात आला. आयोगाने मान्य पत्रिकांची यादीही केली होती. पुण्याचे प्राध्यापक भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या यादीतील विद्यापीठांनी सुचविलेल्या पत्रिका तपासल्या आणि बहुसंख्य पत्रिका हलक्या दर्जाच्या असल्याचे २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मधून दाखवून दिले. त्यानंतर आयोगाने हजारो पत्रिका वगळल्या, वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या साहाय्याने नवी यादी सिद्ध केली. २०२५ मध्ये तीही बंद करून पत्रिकांची पारख करण्याचे काम विद्यापीठांवर सोपविण्यात आले.

याद्या येतात आणि जातात. त्यांनी मदत होते, पण विवेकाचे काम याद्यांवर सोपविता येत नाही. जेथे संख्येला मान आणि सत्याला दुय्यम स्थान मिळते, तेथे कोणतीही यादी फार काळ पुरी पडणार नाही.

वाचकाचा वाटा

शोधपत्रिका ही विद्वानांची बाब. शाळेतील विद्यार्थ्याने किंवा गावच्या वाचनालयातील वाचकाने तिच्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. परंतु शोधपत्रिकेत छापलेलेच पुढे पाठ्यपुस्तकात येते, औषधाच्या चिठ्ठीत येते, शेतकऱ्याला दिल्या जाणाऱ्या सल्ल्यात येते. तेव्हा उगमाशी पाणी गढूळ झाले तर घागर भरणाऱ्याच्या घरीही ते गढूळच येणार.

म्हणून ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे’ असे वाक्य वाचनात आले असता वाचकाने विचारावे : कोणी सिद्ध केले? कोठे छापले? दुसऱ्या कोणी पडताळून पाहिले काय? नंतर त्यात काही दुरुस्ती झाली काय? विद्यार्थ्याने प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर न लिहिता आलेले उत्तर लिहावे, मग ते पुस्तकाशी जुळो वा न जुळो. सहाध्यायाच्या वहीतून मोजमाप उतरवून घेणे ही क्षुल्लक गोष्ट वाटते. पण हिंडणाऱ्या जीवाश्मांची सुरुवात अशाच एखाद्या क्षुल्लक गोष्टीतून होत असते.

लखनौच्या त्या कोनशिलेतील दगड कोट्यवधी वर्षे मौन धरून होते. त्यांच्या वतीने बोलण्याचे काम माणसाने अंगावर घेतले आहे. ते बोलणे कधी चुकेल, कधी अपुरे राहील. पण ते जाणूनबुजून खोटे असू नये आणि तपासू पाहणाऱ्यासाठी दार उघडे असावे, एवढीच विज्ञानाची मागणी आहे.